नवरा चांगला होता तरीही

माननीय संपादक,

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत राजघराण्यातल्या लग्नांवर दोन पानं होती. फोटो सुंदर होते यात वाद नाही, हिऱ्यांचे मुकुट, जमिनीवर लांबपर्यंत पसरलेले ड्रेस, बग्ग्या, गॅलरीत उभं राहून हात हलवणारी जोडपी. खाली लिहिलं होतं की हे प्रत्येक मुलीचं स्वप्न असतं. आणि एका कोपऱ्यात छोट्या चौकटीत ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथबद्दल, म्हणजे जिला सगळे सिसी म्हणतात तिच्याबद्दल, एकच वाक्य की तिचं वैवाहिक आयुष्य मात्र सुखाचं नव्हतं. बस एवढंच, जसं काही तिचं नशीब खराब निघालं आणि बाकीच्यांचं चांगलं निघालं.

मला त्या एका वाक्यावरच बोलायचंय म्हणून हे पत्र. मी गेली बरीच वर्षं राण्यांची चरित्रं, त्यांची पत्रं, त्यांच्याजवळ राहणाऱ्या बायकांच्या आठवणी असं मिळेल ते वाचत आलेय आणि जितकं वाचलं तितकं माझं एक मत पक्कं होत गेलं. राणीचं आयुष्य कोंडलेलं असतं ते नवरा वाईट निघाला म्हणून नाही. नवरा चांगला असला, प्रेमळ असला, अगदी तिच्यासाठी जीव टाकणारा असला तरी ते कोंडलेलंच असतं, कारण त्या लग्नात नवरा-बायको हे नातं मुळात दुय्यम आहे, खरं नातं तिच्या शरीराचं आणि राज्याच्या गादीचं असतं. आपण मात्र "सोन्याचा पिंजरा" म्हणून मोकळे होतो आणि त्या शब्दातलं सोनंच बघत बसतो, गज कशाचे होते ते कोणी विचारत नाही.

गज कशाचे होते त्याचं उदाहरण देते. ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत १४ वर्षांची असताना, मे १७७० मध्ये तिला फ्रान्सच्या युवराजाशी लग्नासाठी ऑस्ट्रियाहून फ्रान्सला पाठवलं. स्ट्रासबर्गजवळ ऱ्हाईन नदीतल्या एका बेटावर त्यासाठी मुद्दाम लाकडी मंडप उभारला होता, अर्धा ऑस्ट्रियाचा आणि अर्धा फ्रान्सचा. तिथे तिच्या अंगावरचे माहेरचे कपडे उतरवून फ्रेंच कपडे घातले, लहानपणापासून सोबत असलेली माणसं तिथूनच परत पाठवली. हे सगळं वैर म्हणून नाही हं, ही मोठ्या मानाची रीत होती, सगळे आनंदात होते आणि कागदावर सह्या होत होत्या. मी जेव्हा जेव्हा हे वाचते तेव्हा मला त्या सह्या दिसत नाहीत, त्या मंडपात मधोमध उभी असलेली आठवी-नववीतली पोरगी दिसते.

पुढे ती राणी झाली. तिच्या पदरी असलेल्या मादाम काम्पाँ यांनी नंतर आठवणी लिहिल्या त्यात हिवाळ्यातल्या एका सकाळचा प्रसंग आहे. राणी कपडे बदलायला उघडी उभी आहे, काम्पाँबाईंनी आतला सदरा उलगडून हातात धरलाय, आता घालायचा एवढंच बाकी. तेवढ्यात मुख्य मानकरी बाई आत आल्या, त्यांचा मान मोठा म्हणून त्यांनी हातमोजे काढले आणि सदरा आपल्या हातात घेतला. मग दारावर कोणीतरी नखाने खरवडलं (तिथे दार वाजवायची पद्धत नव्हती), बघतात तर ऑर्लेआँची डचेस, तिचा मान त्याहून मोठा, मग परत हातमोजे काढा, सदरा एकीकडून दुसरीकडे द्या, तोही थेट द्यायचा नाही, मध्ये काम्पाँबाईंच्या हातातून गेला पाहिजे. तेवढ्यात राजाच्या भावाची बायको आली, तिचा मान सगळ्यात मोठा. हा सगळा वेळ राणी हात छातीशी घट्ट धरून कुडकुडत उभी. शेवटी जावेच्या लक्षात आलं की हिला थंडी वाजतेय म्हणून तिने हातमोजे तसेच ठेवून घाईघाईत सदरा घातला आणि त्या नादात राणीचे केस विस्कटले. राणी हसली, वैताग लपवायला हसली, आणि पुटपुटली की हे भयंकर आहे, असह्य आहे.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. त्यात दुष्ट कोणीच नाहीये. प्रत्येक बाई आपला हक्क बजावतेय, तोही अगदी आदराने. राजा तर तिथे नाहीचे. पण राणीला साधा कपडा स्वतःच्या हाताने उचलून घालायची सोय नाही, कारण तो कपडा तिला देण्याचा अधिकार तीन बायकांच्या पदाला चिकटलेला आहे, आणि तिने "राहू दे, मी घालते" म्हटलं तर ती कोणाचा तरी हक्क मारते. राणी ही तिथे माणूस कमी आणि बाकीच्यांचे हक्क टांगायची खुंटी जास्त.

आणि नवरा? सोळावा लुई हा तसा भला माणूस होता. त्याच्या आजोबांसारख्या रखेल्या त्याने ठेवल्या नाहीत. पण लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांचा शरीरसंबंध नीट झाला नाही आणि ही गोष्ट सगळ्या युरोपला माहिती होती. तिची आई मारिया थेरेसा व्हिएन्नाहून पत्रावर पत्र पाठवायची, पॅरिसमधला ऑस्ट्रियाचा राजदूत मुलीच्या पाळीच्या तारखांसकट सगळं आईला कळवायचा, शेवटी १७७७ मध्ये तिचा भाऊ सम्राट जोसेफ स्वतः आला आणि त्याने दोघांशी त्या विषयावर बोलणं केलं. आपल्या पाळीच्या तारखा राजदूताच्या रिपोर्टात जातात, ही कल्पना करून बघा एकदा. दोष मात्र तिच्यावर, रस्त्यावर तिच्या नावाने घाणेरडी गाणी.

डिसेंबर १७७८ मध्ये पहिलं बाळंतपण झालं तेव्हा नियमाप्रमाणे ते सगळ्यांसमोर व्हायचं होतं, वारस खरा आहे ना, मूल बदललं नाही ना हे लोकांनी डोळ्याने बघायला हवं म्हणून. डॉक्टरने ओरडून सांगितलं की आता होतंय, तशी गर्दीच खोलीत घुसली, कोणी कोणी नीट दिसावं म्हणून फर्निचरवर चढले. खिडक्या थंडीसाठी कागद लावून बंद केलेल्या. राणी बेशुद्ध पडली. तेव्हा राजाने स्वतः जोर लावून खिडक्या उघडल्या असं काम्पाँबाई लिहितात. म्हणजे बघा, नवऱ्याने खिडकी उघडली. त्याला काळजी होती. पण त्या माणसांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही हे मात्र तोवर फ्रान्सच्या राजाच्याही मनात आलं नसावं.

मुलगी झाली. आणि त्या आठवणींप्रमाणे राणी त्या मुलीला म्हणाली की बाळा, तू कोणाला नको होतीस पण मला काही कमी लाडकी होणार नाहीस, मुलगा असता तर तो राज्याचा झाला असता, तू माझी राहशील. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्याकडे आणि सगळ्या जगात मुलगी झाली म्हणून तोंडं वाकडी करतात हे आपल्याला माहितीये, पण इथे एक आई मुलगी झाली म्हणून सुटकेचा श्वास टाकतेय, की निदान हे मूल तरी माझ्याकडे राहील.

(ब्रेड नसेल तर केक खा असं ती म्हणाली हे आजही सगळीकडे छापतात, ती तसं बोलल्याचा पुरावा नाही. एवढं तरी पुढच्या वेळी पुरवणीत टाळावं ही विनंती.)

आता सिसी. आपल्या चौकटीत तिच्या लांब केसांचा आणि बारीक कंबरेचा उल्लेख आहे, पोरांचा नाही. १८५३ च्या उन्हाळ्यात सम्राट फ्रान्झ जोसेफसाठी तिच्या मोठ्या बहिणीचं ठरत होतं, बाड इश्लला सगळे जमले आणि त्याने १५ वर्षांच्या धाकटीला पसंत केलं. एप्रिल १८५४ मध्ये लग्न. त्याचं तिच्यावर शेवटपर्यंत प्रेम होतं, त्याच्या पत्रांतून ते दिसतं. पण सासू, म्हणजे तिची सख्खी मावशीच, आर्चडचेस सोफी, तिने पहिली मुलगी जन्मल्या जन्मल्या ताब्यात घेतली, नाव स्वतःचंच ठेवलं, आईला विचारलंसुद्धा नाही, आणि पाळणाघर आपल्या दालनाला लागून केलं. आईला आपलं मूल बघायचं तर सासूच्या दालनात जायचं. दुसरी मुलगी झाली तिचंही तेच. १८५७ मध्ये सिसीने हट्ट धरून मुलींना हंगेरीच्या दौऱ्यावर सोबत नेलं, तिथे दोघी आजारी पडल्या आणि मोठी, दोन वर्षांची सोफी, गेली. त्यानंतर सिसीची हिंमतच संपली, धाकट्या मुलीबाबत आणि नंतर झालेल्या मुलाबाबत तिने पुढची काही वर्षं तोंड उघडलं नाही.

मग मुलगा रुडॉल्फ सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला शिक्षणासाठी एका लष्करी अधिकाऱ्याच्या हाती दिलं आणि त्याला कणखर करायचं म्हणून त्या पोराचे जे हाल केले, पहाटे थंडीत ड्रिल काय, घाबरवणं काय, ते पोर आजारी पडायला लागलं. तेव्हा मात्र ऑगस्ट १८६५ मध्ये तिने नवऱ्याला लेखी कळवलं. ते पत्र प्रेमाचं नाही, अगदी करारासारखं आहे. मुलांच्या बाबतीत सगळे अधिकार मला हवेत, त्यांच्या आसपास कोण असावं, ते कुठे राहतील, कसे वाढतील हे मोठे होईपर्यंत मीच ठरवणार, आणि माझ्या स्वतःच्या बाबतीत, माझ्याजवळ कोण असावं, मी कुठे राहावं, घरातली व्यवस्था काय असावी हेही मीच ठरवणार. लग्नाला ११ वर्षं झालेली बाई, साम्राज्याची सम्राज्ञी, आणि मागते काय तर आपल्या खोलीत कोण यावं ते ठरवायचा अधिकार. नवरा प्रेमळ होता ना? मग तो ११ वर्षं काय करत होता? तो आईला दुखवत नव्हता आणि रीत मोडत नव्हता. एवढंच. सासुरवास म्हणून आपण ज्याला म्हणतो तो हाच, फक्त त्याच्यावर सरकारी शिक्का होता.

तो अधिकारी काढला गेला. १८६८ मध्ये चौथं मूल झालं, मारी व्हालेरी, ती तिने स्वतः वाढवली. म्हणजे हातचं एक मूल मिळायला तिला राज्याशी भांडावं लागलं.

माझ्या पोटात हे का ढवळतं त्याचं कारण सांगते, पत्रात खासगी लिहू नये पण लिहिते. माझं पहिलं बाळ जन्मल्यावर आठ दिवस पेटीत होतं. मला दिवसातून दोनदा, तेही काचेतून, बघायला मिळायचं. त्यात कोणाची चूक नव्हती, बाळाच्या भल्यासाठीच होतं, नर्स चांगल्या होत्या, आणि आठ दिवसांनी मी त्याला घेऊन घरी आले. पण ते आठ दिवस मला आज इतक्या वर्षांनीही तासातासाने आठवतात. त्यामुळे कोणी म्हणालं की राणीला काय कमी होतं, दायी होत्या, महाल होता, तर मला त्या माणसाशी बोलायला शब्दच सापडत नाहीत.

मला माहितीये की आपले काही वाचक म्हणतील, ज्या काळात लोक उपाशी मरत होते त्या काळातल्या राण्यांसाठी कसलं रडता. बरोबर आहे. मारी आंत्वानेतच्या एका ड्रेसच्या पैशात कितीतरी घरं जेवली असती आणि ते तिला दिसलं नाही ही तिची चूकच, ती मी झाकत नाही. पण भूक मोठी म्हणून बाकी सगळं खोटं असं होत नाही ना. आणि दुसरं म्हणजे जी गोष्ट राजवाड्यात रीत म्हणून चालते तीच खाली घराघरांत झिरपते. सून म्हणजे वारस देणारी, पोर म्हणजे घराण्याचं, बाई म्हणजे इज्जत, हे वरपासून खालपर्यंत एकच गणित आहे, वर फक्त ते कायद्यात लिहून ठेवलेलं दिसतं म्हणून तिथे नीट वाचता येतं.

आता नवरा वाईट असेल तर काय होतं तेही बघू.

जर्मनीत त्सेले नावाचं गाव आहे. तिथल्या ड्यूकची एकुलती एक मुलगी सोफिया डोरोथिया, जन्म १६६६ चा. वयाच्या १६ व्या वर्षी तिचं लग्न चुलतभावाशी, हॅनोव्हरच्या जॉर्ज लुडविगशी लावलं, जमीनजुमला एकत्र राहावा म्हणून. दोन मुलं झाली. नवऱ्याने राजरोस दुसरी बाई ठेवली, तिच्यापासून त्याला तीन मुली झाल्या, त्याला कोणी काही म्हणालं नाही. हिचं क्योनिग्समार्क नावाच्या सरदाराशी प्रेम जमलं, चोरून पत्रं जायची, ती पकडली गेली. जुलै १६९४ मध्ये तो सरदार एका रात्री हॅनोव्हरच्या राजवाड्यातून गायब झाला तो झालाच. डिसेंबरमध्ये घटस्फोट, त्यात नवऱ्याला पुन्हा लग्नाची मुभा, हिला नाही. आणि तिला आल्डेनच्या वाड्यात ठेवून दिलं. वय २८. बाहेर गाडीतून फिरायला जायची परवानगी होती, ठरलेल्या अंतरापर्यंतच, पहाऱ्यात. मुलांना भेटायची परवानगी नाही, आयुष्यभर नाही. १७१४ मध्ये तोच नवरा पहिला जॉर्ज म्हणून इंग्लंडचा राजा झाला, ती तिथेच. १७२६ च्या नोव्हेंबरमध्ये ती त्या वाड्यातच वारली. ३० वर्षांहून जास्त.

मराठी वाचकाला इथे येसूबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. काळ जवळजवळ तोच आहे. १६८९ मध्ये रायगड पडला आणि महाराणी येसूबाई बाळ शाहूंसह मोगलांच्या कैदेत गेल्या त्या १७१९ मध्ये सुटल्या. तीही तीसेक वर्षंच. पण येसूबाईंना कैदेत ठेवणारा शत्रू होता, त्यांना सोडवायला एक अख्खं राज्य धडपडत होतं, आणि त्या परत आल्या तेव्हा सातारा त्यांची वाट बघत होता. सोफिया डोरोथियाला कैदेत ठेवणारा तिचा नवरा होता आणि त्या हुकमाला तिच्या वडिलांची संमती होती. तिला सोडवायला कोण येणार होतं?

आणि हे फक्त युरोपातलंच आहे असं समजून आपण सुटकेचा श्वास टाकू नये. डिसेंबर १७४९ मध्ये साताऱ्याला शाहू महाराज गेले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजाला गादीवर बसवायला राणी सकवारबाईंचा विरोध होता, त्या राजकारणात आडव्या येत होत्या. त्या सती गेल्या. त्यांच्यावर माहेरच्या माणसांमार्फत दबाव आणला गेला असं मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय. त्यांनी आधी कधी तरी बोलून दाखवलं होतं की मी महाराजांबरोबर जाईन, तेच शब्द त्यांच्याभोवती आवळले. राणीचं जिवंतपणी मत कोणाला नको होतं, तिचा शब्द मात्र बरोबर लक्षात होता सगळ्यांच्या. आपल्याकडे पराक्रमी राण्यांवर भरभरून लिहितात आणि लिहायलाच हवं, पण सकवारबाईंवर कितीजण लिहितात?

परत त्सेलेकडे येते, कारण तिथली गोष्ट अजून संपलेली नाही. सोफिया डोरोथियाच्या मुलाची नात कॅरोलिन मटिल्डा, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची सगळ्यात धाकटी बहीण. १७६६ मध्ये १५ व्या वर्षी तिला डेन्मार्कच्या सातव्या ख्रिश्चनला दिली. सोबतच्या इंग्रज बायकांना वाटेतूनच परत पाठवलं, म्हणजे तोच ऱ्हाईनवरचा मंडप, फक्त वेगळ्या देशात. राजा मनाने आजारी होता, रात्री कोपनहेगनच्या रस्त्यांवर दंगा घालत फिरायचा, एका वेश्येला उघड घेऊन हिंडायचा. तो आजारी होता म्हणून त्याला दोष देत नाही मी, पण १५ वर्षांची मुलगी त्याच्या स्वाधीन करताना कोणी दोन्ही बाजूंनी चौकशी केली नाही याचा दोष द्यायला हवा. राजाचा डॉक्टर स्ट्रुएन्से आणि तिचं प्रेम जमलं. चौकशीत तिच्याच दासींनी सांगितलं की आम्ही रात्री जमिनीवर पावडर टाकून ठेवायचो, सकाळी पावलांचे ठसे बघायला. राजा रोज कुठे जायचा ते बघायला कोणी पावडर टाकली नव्हती.

जानेवारी १७७२ मध्ये एका बॉलडान्सच्या रात्रीनंतर पहाटे तिला अटक झाली. चार वर्षांचा मुलगा राजवाड्यातच राहिला, अंगावर पिणारी मुलगी तिच्यासोबत क्रॉनबोर्गच्या किल्ल्यात नेऊ दिली. एप्रिलमध्ये घटस्फोट झाला आणि त्याच महिन्यात स्ट्रुएन्सेचा शिरच्छेद. मे महिन्यात भावाची जहाजं तिला घ्यायला आली तेव्हा ती दहा महिन्यांची पोर तिच्या हातातून काढून घेतली, कारण कागदोपत्री ती राजाची मुलगी, डेन्मार्कची. तिला कुठे नेऊन ठेवलं तर त्सेलेला, पणजी जिथे जन्मली त्याच राजवाड्यात. मुलं तिला परत कधी दिसली नाहीत. तीन वर्षांनी मे १७७५ मध्ये तापाने गेली, वय २३. पणजी आणि पणती दोघी त्सेलेच्या एकाच चर्चच्या तळघरात आहेत. दोघींच्या मध्ये जवळजवळ ५० वर्षं गेली, या काळात युरोपात काय काय बदललं, विज्ञान बदललं, विचार बदलले, पण राणीच्या लग्नातलं एक कलमसुद्धा बदललं नव्हतं.

हे सगळं जुनं झालं, आता तसं नसतं असं म्हणाल तर जपानकडे बघा. मासाको ओवादा, हार्वर्डला शिकलेली, परराष्ट्र खात्यात नोकरी करणारी, अनेक भाषा येणारी. राजपुत्र नारुहितोने मागणी घातली ती तिने लगेच स्वीकारली नव्हती. शेवटी त्याने शब्द दिला की मी आयुष्यभर सगळ्या ताकदीने तुझं रक्षण करीन, हे तिने स्वतः सांगितलंय. जून १९९३ मध्ये लग्न झालं. आणि मग सगळ्या देशाचं लक्ष एकाच गोष्टीकडे, मूल कधी. १९९९ च्या शेवटी अगदी सुरुवातीच्या दिवसांतच तिच्या गरोदरपणाची बातमी फुटली, कॅमेरे मागे लागले, काही दिवसांत गर्भपात झाला. डिसेंबर २००१ मध्ये मुलगी झाली, आइको. मुलगी, म्हणजे १९४७ च्या कायद्याप्रमाणे गादीला उपयोग नाही.

मे २००४ मध्ये नारुहितोने पत्रकारांसमोर सांगितलं की मासाकोचं करिअर आणि त्यामुळे घडलेलं तिचं व्यक्तिमत्त्व नाकारण्याचे प्रकार झालेत. तिथल्या मानाने हा बॉम्बच होता. त्याच वर्षी जाहीर झालं की तिला अॅडजस्टमेंट डिसऑर्डर, म्हणजे ताणाशी जुळवून घेता न आल्याने होणारा मानसिक आजार आहे, आणि नंतर कित्येक वर्षं ती सार्वजनिक ठिकाणी क्वचितच दिसली. नवरा शब्दाला जागला, सगळ्यांसमोर बायकोच्या बाजूने उभा राहिला, यापेक्षा चांगला नवरा कसा असतो मला माहिती नाही. आणि तरीही काही उपयोग झाला नाही, कारण तिला जे छळत होतं ते त्याच्या हातात नव्हतं, ते कायद्यात होतं, राजघराण्याच्या कारभारात होतं, लोकांच्या अपेक्षेत होतं. मुलींनाही गादी मिळावी अशी शिफारस एका सरकारी समितीने २००५ मध्ये केली होती. पुढच्या वर्षी दिराच्या घरी मूल होणार अशी बातमी आली आणि तो विषय बाजूला पडला, सप्टेंबर २००६ मध्ये तिथे मुलगा झाला, हिसाहितो. एका जावेच्या पोटी मुलगा आला आणि दुसऱ्या जावेच्या मुलीचा प्रश्न फाइलमध्ये गेला.

स्वीडनने १९८० मध्ये, इंग्लंडने २०१३ च्या कायद्याने मोठं मूल मुलगा असो की मुलगी, गादी त्याची असं केलंय. याने राणीचं सगळं आयुष्य मोकळं होतं असं माझं म्हणणं नाही, पण निदान बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभं राहून मुलगा का मुलगी विचारणाऱ्यांचं तोंड तरी बंद होतं.

तेव्हा संपादक साहेब, माझी मागणी लग्नांचे फोटो छापू नका अशी अजिबात नाही. मलाही ते बघायला आवडतात. फक्त पुढच्या वेळी असं लग्न आलं की ड्रेस कोणी शिवला आणि मुकुटात हिरे किती याच्या शेजारी चार ओळी अजून द्या, की या घरात आल्यावर तिला आपलं काम चालू ठेवता येणार का, मुलगी झाली तर ती गादीवर बसू शकते का, आणि उद्या पटलं नाही तर ती आपल्या मुलांना घेऊन त्या घरातून बाहेर पडू शकते का. ही माहिती कायद्यात लिहिलेली असते, शोधायला अवघड नाही. आणि सिसीची चौकट पुन्हा कधी छापलीत तर कंबरेच्या मापाऐवजी त्या १८६५ च्या पत्रातल्या मागण्या छापा, मी तो अंक जपून ठेवीन.

आपली,
एक जुनी वाचक